पोळ्या, विरजण आणि एक लिटरचे संगणक

देवनहळ्ळीच्या चकोत्याला भौगोलिक मानांकन आहे. चकोता म्हणजे आपले पपनस. बंगळुरूच्या उत्तरेला, टिपू सुलतानाच्या या जन्मगावी ते पिकते आणि चांगले पोसलेले फळ उचलायला दोन्ही हात लागतात. त्याच्या शेजारी लेनोवोचा ‘थिंकसेंटर टायनी’ हा संगणक ठेवला, तर फळच मोठे दिसेल. या संगणकाची लांबी-रुंदी १८ सेंटिमीटरच्या आसपास, जाडी साडेतीन सेंटिमीटर. घनफळ जेमतेम एक लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन दूधपिशव्यांएवढे. डेलचा ‘ऑप्टिप्लेक्स मायक्रो’ आणि एचपीचा ‘एलिटडेस्क मिनी’ हे त्याचे चुलतभाऊ. बँकेतल्या कारकुनाच्या मॉनिटरमागे, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत, कॉल सेंटरच्या रांगांमध्ये ही यंत्रे मुकाट्याने काम करत असतात. कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही.

चार-पाच वर्षांनी मात्र ती एकदम शेकड्यांनी बाहेर पडतात. कंपनीचा भाडेकरार संपतो, नवी यंत्रे येतात आणि जुनी गठ्ठ्याने व्यापाऱ्याकडे जातात. देवनहळ्ळीहून चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला, बंगळुरूच्या जुन्या पेठेत सादर पत्रप्पा रस्ता हा अशा मालाचा बाजार आहे. त्याला सगळे एस. पी. रोडच म्हणतात. मुंबईकराला लॅमिंग्टन रोड सांगितला की जे चित्र दिसते, तेच इथले. अशा बाजारांत या मालाची आवक वाढण्याचे एक कारण तारखेनिशी सांगता येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सर्वसाधारण आधार थांबवला. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे त्यामुळे कार्यालयांच्या दृष्टीने एका दिवसात म्हातारी झाली.

आता एक काल्पनिक घर डोळ्यांसमोर आणू. विमानतळाच्या किंवा एरोस्पेस पार्कमधल्या नोकरीसाठी देवनहळ्ळीत स्थायिक झालेले मराठी जोडपे. दिवसा नोकरी, रात्री ब्लेंडर. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रपट करण्याचे मोफत सॉफ्टवेअर. त्यांनी मुलांसाठी तीन मिनिटांची एक गोष्ट रचली आहे. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे १८० सेकंदांना ४,३२० फ्रेम. प्रत्येक फ्रेमसाठी संगणकाला प्रकाशाचा हिशेब करावा लागतो: किरण कुठून आला, भिंतीवर आपटून कुठे गेला, पितळेच्या तांब्यावर त्याची चमक किती पडली. या हिशेबालाच रेंडरिंग म्हणतात. एका फ्रेमला सहा मिनिटे धरली तर एकूण ४३२ तास होतात. दिवसरात्र चालवूनही एका संगणकाला १८ दिवस लागतील. सहा संगणक असतील तर तीन.

एवढ्या सोप्या भागाकारामुळेच माणूस एस. पी. रोडची वाट धरतो.

छोट्या चिप एकत्र बांधून मोठे काम उरकण्याची युक्ती बंगळुरूला नवी नाही. १९८६ मध्ये इथल्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक उभा राहिला. तेव्हा प्रयोगशाळेचे संचालक होते रोद्दम नरसिंह. प्रश्न होता विमानाच्या पंखाभोवती हवा कशी वाहते याचे गणित सोडवण्याचा आणि त्यासाठी लागणारा महासंगणक परदेशातून मिळणे दुरापास्त होते. मग इंटेलचे ८०८६ जातीचे चार प्रोसेसर, ज्यांचे भाऊबंद त्या काळच्या घरगुती संगणकांत बसत, एकत्र जोडले गेले. पुढे पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने हीच वाट रुंद केली. १९९१चा ‘परम ८०००’ हाही एका अजस्र प्रोसेसरचा नव्हता. ट्रान्सप्यूटर नावाच्या अनेक छोट्या चिपची ती जोडणी होती. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १९९४ मध्ये बाजारात मिळणारे ४८६ जातीचे १६ प्रोसेसर साध्या इथरनेटने जोडले आणि त्या जोडणीला ‘बेओवुल्फ’ हे नाव दिले. घरगुती क्लस्टरचे कूळ शोधायचे तर ते तिथे सापडते.

पण फ्लोसॉल्व्हरचे काम आणि आपल्या जोडप्याचे काम यांत मोठा फरक आहे. हवेचा प्रवाह मोजताना प्रत्येक प्रोसेसरला शेजाऱ्याला सारखे विचारावे लागते, की तुझ्या कडेला दाब किती आहे? हे बोलणे जितके जलद, तितके यंत्र चांगले. फ्रेमचे तसे नाही. सतराशेव्या फ्रेमला अठराशेव्या फ्रेमशी काही देणेघेणे नसते. दहा जणींनी दहा पोळपाटांवर पोळ्या लाटाव्यात, तसे हे काम. कोणाचा हात कोणासाठी अडत नाही.

‘टॉय स्टोरी’ अशाच लाटणाऱ्यांच्या जोरावर उभा राहिला. १९९५च्या या पहिल्या पूर्ण लांबीच्या संगणकनिर्मित चित्रपटासाठी पिक्सारने सन कंपनीचे ११७ ‘स्पार्कस्टेशन २०’ कामाला लावले होते. ही यंत्रेही चपटी, पिझ्झाच्या खोक्यासारखी, मुळात टेबलावर ठेवण्यासाठी घडवलेली. एक लाख चौदा हजारांच्या घरात फ्रेम, आणि यंत्रांचे मिळून सुमारे आठ लाख तास. दोन वर्षांनी ‘टायटॅनिक’च्या वेळी डिजिटल डोमेन या कंपनीने अल्फा प्रोसेसरचे १६० संगणक वापरले आणि त्यांतल्या १०५ यंत्रांवर लिनक्स चालवले. बोटीवरच्या त्या समुद्राचा बराचसा हिशेब एका फुकट प्रणालीवर झाला, ही गोष्ट तेव्हा लोकांना खरी वाटत नव्हती.

तर पोळ्या वाटून लाटता येतात. पण रात्री दही लावायचे असेल तर दहा पातेली मांडून विरजण दहापट लवकर लागत नाही. व्हिडिओच्या कामात ही विरजणे बरीच असतात आणि ती न ओळखल्यामुळेच लोकांचे पैसे वाया जातात. पाण्याचा लोंढा, धूर, वाऱ्यावर उडणारे लुगडे यांचे भौतिक गणित आधीच्या क्षणावर पुढचा क्षण रचत जाते. ते एकाच यंत्रावर, ओळीने करून साठवून ठेवावे लागते आणि मगच फ्रेम वाटता येतात. जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम हाच आहे: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो शेवटी एकूण वेगाला लगाम घालतो.

लग्नाचे चित्रीकरण कापून-जोडून देणाऱ्याचे दुखणे तर वेगळेच. त्याचा वेळ जातो तयार व्हिडिओ दाबून लहान करण्यात, म्हणजे एन्कोडिंगमध्ये. त्यात एक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमच्या आधाराने साठवली जाते, आणि संपादनाची नेहमीची सॉफ्टवेअर एक टाइमलाइन सहा यंत्रांत चिरून देत नाहीत. ‘डाविंची रिझॉल्व्ह’च्या विकतच्या आवृत्तीत काम दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येते, पण ते आख्खे एकाच यंत्राकडे जाते. अशा माणसाने सहा छोटे संगणक घेणे म्हणजे एका बैलगाडीला सहा चाके लावणे. त्याला हवे असते ‘क्विक सिंक’सारखे चिपमध्येच कोरलेले एन्कोडर, जे इंटेलच्या २०११ पासूनच्या अनेक प्रोसेसरमध्ये आहे. त्याने एकच बरे यंत्र घ्यावे आणि उरलेल्या पैशांची हार्ड डिस्क घ्यावी.

ब्लेंडरवाल्या जोडप्याकडे परत येऊ. दुकानात त्यांच्यापुढे दोन ढीग आहेत. एका ढिगात सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे, स्वस्त. दुसऱ्यात आठव्या पिढीची, जरा महाग. यंत्रांवर लिनक्स घालायचे असेल तर विंडोज ११ चालत नाही याचे दुःख नाही, त्यामुळे स्वस्त ढीग मोहात पाडतो. पण आकडे पाहावेत. आय-फाइव्ह ६५००टी या प्रोसेसरमध्ये चार गाभे, म्हणजे कोअर, आहेत. आय-फाइव्ह ८५००टीमध्ये सहा. आणि दोघांच्याही कपाळी एकच आकडा आहे, ३५ वॅट. तेवढ्याच विजेत, तेवढ्याच जागेत दीडपट हात मिळतात. विंडोजची लक्ष्मणरेषा आणि चार गाभ्यांवरून सहांवरची उडी एकाच पिढीवर पडली, हा योगायोग मजेशीर आहे. सहा यंत्रे घ्यायची तर आठव्या पिढीचीच घ्यावीत. पैसे कमी असतील तर चार घ्यावीत, पण तीच; जुन्या सहांइतकेच गाभे मिळतात. जुन्या दोन यंत्रांची वीज, दोन अॅडॉप्टर आणि स्विचमधल्या दोन जागा वाचतात त्या वेगळ्याच.

नावातल्या शेवटच्या ‘टी’कडे दुर्लक्ष करू नये. तो कमी विजेवर चालणाऱ्या जातीचा शिक्का आहे. ८५००टीचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ, आणि जाहिरातीत मिरवला जाणारा टर्बो वेग ३.५. दुकानदार ३.५ सांगतो आणि तो खोटे बोलत नाही. पण हा टर्बो थोड्या वेळच्या धावण्यासाठी असतो. सगळे गाभे सतत राबू लागले की अर्ध्याएक मिनिटात प्रोसेसर ३५ वॅटच्या मर्यादेत परत येतो आणि वेग उतरतो. कार्यालयात कोणी तीन दिवस सलग एक्सेल उघडत नाही, त्यामुळे तिथे हे कधी कळत नाही. रेंडरिंगमध्ये पहिल्या मिनिटाला कळते. म्हणून या कामात शंभर मीटरच्या धावपटूची वेळ विचारू नये, वारीला पायी जाणाऱ्याची चाल पाहावी.

मेमरीच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. सहा यंत्रांत आठ-आठ जीबी मेमरी असली म्हणजे आपल्याकडे ४८ जीबी झाली, असे लोक धरून चालतात. तसे होत नाही. प्रत्येक यंत्राला आख्खे दृश्य स्वतःच्या मेमरीत उघडावे लागते: वाडा, अंगण, पिंपळाची सगळी पाने. दृश्य दहा जीबीचे असेल तर आठ जीबीची सहाही यंत्रे एकाच वेळी धापा टाकू लागतात. ‘एलिफंट्स ड्रीम’ हा ब्लेंडरमधला पहिला गाजलेला लघुपट २००६चा. अमेरिकेतल्या बोवी स्टेट विद्यापीठाच्या क्लस्टरवर त्याला १२५ दिवस लागले आणि एका फ्रेमला २.८ जीबीपर्यंत मेमरी लागली. त्या काळी ती चैन होती. आज ब्लेंडर स्वतःच किमान आठ जीबी मागतो आणि ३२ची शिफारस करतो. एक लिटरच्या या डब्यांत लॅपटॉपचीच मेमरी बसते आणि तिला बहुधा दोन खाचा असतात. खरेदी करताना झाकण उघडून पाहावे. एक खाच रिकामी असेल तर पुढे वाढवण्याचा खर्च निम्मा होतो.

सगळी यंत्रे एका जातीची असावीत, हा आग्रह वरकरणी हौसेचा वाटेल. त्यामागे अॅडॉप्टर आहे. लेनोवोची पिन चौकोनी, एचपीची आणि डेलची गोल, मध्ये बारीक सुई असलेली. डेलच्या यंत्राला आपला अॅडॉप्टर ओळखता आला नाही तर ते सुरू होताना पडद्यावर सूचना देते आणि नंतर मुद्दाम मंद चालते. कार्यालयात मॉनिटर जोडलेला असतो, सूचना दिसते. घरच्या क्लस्टरमध्ये सहांपैकी पाच यंत्रांना मॉनिटरच नसतो. मग एक यंत्र इतरांपेक्षा कितीतरी हळू का चालते हे शोधण्यात आठवडा जातो आणि दोष निघतो तो अॅडॉप्टरच्या सुईचा. जुन्या मालकाने बायोसला घातलेला पासवर्ड हीदेखील अशीच फसवी गोष्ट. यंत्र चालते, पण त्याच्या मूळ सेटिंगला हात लावता येत नाही. असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी तिथेच ठेवून यावे.

जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, मात्र फार डोके खाजवण्याची गरज नाही. आठ तोंडांचा साधा गिगाबिट स्विच आणि तारा पुरतात. हिशेब असा: फुल एचडी आकाराची, सोळा-बिट रंगांची, पारदर्शकतेच्या थरासह न दाबलेली एक फ्रेम साडेसोळा मेगाबाइटच्या आसपास भरते. गिगाबिट तारेतून सेकंदाला शंभर मेगाबाइट सहज जातात. सहा मिनिटे राबून तयार झालेली फ्रेम पाव सेकंदाच्या आत मुख्य डिस्कवर पोहोचते. अशा ४,३२० फ्रेम मिळून सुमारे ७२ जीबी होतात, तेवढी जागा आधी मोकळी ठेवली की झाले. वाय-फायच्या नादी लागू नये. देवनहळ्ळीतल्या नव्या इमारतींच्या काँक्रीटच्या भिंती त्याला अडवायला पुरेशा आहेत.

पंगतीला वाढपी लागतो, तसा इथे काम वाटणारा लागतो. ब्लेंडरकारांचेच ‘फ्लेमेंको’ नावाचे मोफत साधन आहे. त्यात एक यंत्र मॅनेजर होते आणि वर्करचे कामही करते, बाकीची नुसती वर्कर. ज्याचे पान रिकामे झाले त्याला पुढची फ्रेम वाढली जाते, त्यामुळे एखादे यंत्र मंद असले तरी बाकीची खोळंबत नाहीत. अट एकच: सगळ्यांवर ब्लेंडरची तीच आवृत्ती हवी आणि चित्रांच्या फायली सगळ्यांना त्याच पत्त्यावर दिसायला हव्यात. हे चुकले तर कुठल्याशा फ्रेममध्ये भिंतीचा रंग जाऊन भडक गुलाबी येतो. हरवलेल्या चित्राची ब्लेंडरने ठरवलेली ती खूण आहे.

आता विजेचे बिल. कर्नाटकात २०२३ पासून ‘गृहज्योती’ योजनेखाली पात्र घरांना महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीज मोफत मिळते. त्या आत प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ देऊन ठरवली आहे, आणि २०० ओलांडले की पूर्ण बिल भरावे लागते. पूर्ण भारावर एक छोटा संगणक भिंतीतून ५० वॅट ओढतो असे धरू. सहांचे झाले ३००. तीन दिवस अखंड चालवले तर २१.६ युनिट, सहा रुपये युनिट धरले तर १३० रुपये. वडापावच्या दोन-तीन जोड्यांच्या किमतीत चित्रपट तयार. पण तीच यंत्रे महिनाभर न थांबता चालली तर २१६ युनिट होतात आणि फ्रिज, गिझर, मिक्सर यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. काम नसताना ती बंद करण्याची शिस्त म्हणूनच हवी. ‘वेक ऑन लॅन’ची सोय चालू ठेवली तर झोपलेली यंत्रे तारेवरून उठवता येतात.

३०० वॅट म्हणजे उष्णतेच्या भाषेत १०० वॅटचे तीन जुने पिवळे दिवे. देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या रात्री खिडकी उघडी ठेवली की पुरते. एप्रिलमध्ये मात्र यंत्रे एकावर एक रचू नयेत, त्यांच्यात दोन बोटांचे अंतर ठेवावे. जुन्या यंत्रांतली थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती पुसून नवी लावली की पंख्याचा आवाज बराच उतरतो. हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि बहुतेक लोक ते करत नाहीत.

एवढे सगळे सांगून झाल्यावर एक अडचणीचा प्रश्न उरतोच. हे सहा संगणक मुळात हवेत का? चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा एकच डेस्कटॉप, उदाहरणार्थ बारा जीबीचे आरटीएक्स ३०६०, ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडरिंग इंजिनमध्ये अशा छोट्या संगणकांच्या आख्ख्या रांगेला सहज मागे टाकतो. त्याची मर्यादा मेमरीची: दृश्य बारा जीबीत बसले तर ठीक, नाहीतर ३२ जीबीचा साधा संगणक हळू का होईना, काम पुरे करतो. शिवाय ब्लेंडरमध्ये २०१९ पासून आलेले ओपन इमेज डिनॉइज दाणेदार चित्र साफ करते. सहा मिनिटांची फ्रेम त्यामुळे कधीकधी दोन मिनिटांत भागते. एक पैसाही खर्च न करता एका संगणकाचे तीन झाल्यासारखेच हे झाले. म्हणून ते आधी वापरून पाहावे आणि नंतरच बाजारात जावे. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्ये तयार झाला आणि दिग्दर्शक गिंट्स झिलबालोदिस यांनी तो स्वतःच्या एका संगणकावर रेंडर केला. जलद पण ढोबळ प्रकाश देणारे ईव्ही हे इंजिन त्यांनी निवडले होते. एका फ्रेमला अर्ध्या सेकंदापासून दहा सेकंद लागत. रेंडर फार्म नव्हताच.

तरीही छोट्या संगणकांची बाजू संपत नाही. ते एकेक करून घेता येतात. एक बिघडला तर पाच चालू राहतात. चित्रपट झाल्यावर एक मुलीच्या अभ्यासाला देता येतो, एक गावी आजोबांच्या टेबलावर जातो. ग्राफिक्स कार्डाचे असे वाटे पडत नाहीत.

मग दुकानात जाताना जोडप्याने पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स आणि ब्लेंडर घालून न्यावे आणि सोबत स्वतःच्या गोष्टीतले सर्वांत जड दृश्य. भर दुपारची, पिंपळाच्या पानांची फ्रेम असेल तर उत्तम. ती ढिगातल्या एका यंत्रावर सलग दोनदा रेंडर करून घड्याळ लावावे. पहिल्या फेरीला टर्बोचा थोडा जोर असतो, दुसरीची वेळ खरी. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. पण एकदम सहा नग घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खुर्चीही देतो आणि कॉफीही मागवतो.

घरी आणल्यावर बायोसमध्ये एक ओळ शोधायची: वीज गेल्यानंतर यंत्राने काय करावे? तिथे ‘चालू व्हावे’ असे निवडायचे आणि फ्लेमेंकोही यंत्राबरोबर आपोआप सुरू होईल असे करून ठेवायचे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही त्याच वेळी बदलून टाकायची, कारण ती मेली असेल तर हे सेटिंग यंत्र विसरते. मग एखाद्या रात्री अडीच वाजता वळवाच्या पावसाने वीज गेली, तर सहा अर्धवट फ्रेम तेवढ्या वाया जातात. तयार झालेल्या डिस्कवर असतात. वीज येते, सहा छोटे दिवे एकामागून एक लागतात, पंखे फिरू लागतात आणि मॅनेजर त्या सहा फ्रेमचे आकडे पुन्हा रांगेत घालतो. घरातली माणसे तोवर झोपलेलीच असतात.